अवयव, अवयवी आणि एक तुळई

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, एव्हन आणि स्टूर या दोन नद्या जेथे एकत्र येऊन एका उथळ खाडीतून समुद्रास मिळतात, तेथे क्राइस्टचर्च नावाचा एक जुना कसबा आहे. आणि त्याला हे नाव कसे पडले याविषयी तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक कथा आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस, नॉर्मन अंमलात, रानुल्फ फ्लँबर्ड नावाच्या राजाच्या कारभाऱ्याने येथे मोठे देवालय बांधावयास काढले. प्रथम जागा मुक्रर झाली ती गावाबाहेरील सेंट कॅथरिनच्या टेकडीवर. परंतु दिवसभर माथ्यावर चढविलेले दगड-लाकूड रात्रीतून कोणीतरी खाली, दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर, आणून ठेवी, तेव्हा लोकांनी टेकडीचा हट्ट सोडला आणि जेथे सामान सापडे तेथेच पाया खणला. पुढे काम सुरू झाल्यावर सुतारांमध्ये एक अनोळखी सुतार दिसू लागला, जो सर्वांबरोबर राबे, पण जेवणाच्या पंगतीत कधी बसत नसे आणि मजुरी वाटण्याच्या दिवशी मुकादमापुढे कधी उभा राहत नसे. एके दिवशी छपराची एक तुळई मापात चूक होऊन आखूड कापली गेली. कारागीर खिन्न होऊन घरोघर गेले, आणि सकाळी येऊन पाहतात तो तीच तुळई जागच्या जागी बसलेली, आणि बसून वर काही शिल्लक राहिलेली! तो अनोळखी सुतार मात्र त्यानंतर कोणास दिसला नाही. नाझरेथच्या सुतारपुत्राखेरीज तो दुसरा कोण असणार, असे लोकांनी ठरविले, आणि ज्या गावास तोवर 'दोन पाण्यांमधले' या अर्थी ट्विनम म्हणत, त्यास ते ख्रिस्ताचे देवालय म्हणू लागले.

ही कथा खरी की खोटी, याची चिकित्सा करण्याचे मला कारण नाही. माझे लक्ष वेधले ते तिच्यातील एका व्यावहारिक तपशिलाने: ज्याच्या हातून इमारत इमारत झाली, त्याचे नाव हजेरीपटावर नव्हते.

या कसब्याची एक डिस्ट्रिक्ट कौन्सिल होती. तेथील 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. आपला जिल्हा तेथल्या काउंटीशी जुळेल, आणि डिस्ट्रिक्ट हे आपल्या तालुक्याहूनही बहुधा लहान असते. १९७२ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यान्वये जुन्या नगरपालिका आणि ग्रामीण मंडळे मोडून हे नवे विभाग पाडण्यात आले, आणि १ एप्रिल १९७४ रोजी क्राइस्टचर्चची नवी संस्था अधिकारारूढ झाली. तिला बरोचा सन्मान होता, महापौर होता, गळ्यातील साखळी होती. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याविषयी कोणास मत विचारण्यात आले नव्हते: शतकानुशतके हॅम्पशायर काउंटीत असलेले हे गाव, शेजारच्या बोर्नमथसह, डॉर्सेट काउंटीत गेले. टेकडीवरील दगड रात्रीतून खाली येण्याचा चमत्कार वेस्टमिन्स्टरच्या कारकुनांनाही करता येतो, एवढाच त्याचा अर्थ.

ती संस्था १ एप्रिल २०१९ रोजी संपुष्टात आली. आपल्याकडे जसे, तसेच तेथेही सरकारी हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते (ही चाल आपण त्यांच्याकडूनच घेतली). त्यामुळे संस्थेचा जन्म आणि मृत्यू दोन्ही खातेवहीच्या पानावर सोयीस्कर बसले. मधल्या ४५ वर्षांत तिच्या बारा निवडणुका झाल्या: पहिली कारभार हाती येण्यापूर्वी १९७३ मध्ये, मग १९७६ व १९७९ मध्ये, आणि पुढे दर चार वर्षांनी २०१५ पर्यंत. त्यांपैकी प्रत्येकीचा निकाल येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. हा निवृत्त लोकांचा, समुद्राकाठी उरलेले आयुष्य शांतपणे घालवू पाहणाऱ्यांचा गाव; त्याचा कल स्थितिप्रिय हुजूर पक्षाकडे, आणि अखेरच्या काळात तर चोवीस जागांपैकी फार मोठा भाग त्या पक्षाच्या पदरात होता. अशा ठिकाणच्या निवडणुकांचा इतिहास वाचणे म्हणजे शांत तळ्याच्या पाण्याची पातळी वर्षानुवर्षे टिपून ठेवण्यासारखे आहे. परंतु तळ्यातही कधी खळबळ होते, आणि ती का झाली हे विचारणे हाच खरा इतिहास.

त्यापूर्वी मागे पाहिले असता चित्र याहून विलक्षण दिसते. १८३२ च्या सुधारणेपूर्वी हे लहानसे गाव पार्लमेंटात दोन प्रतिनिधी पाठवी, आणि मत देण्याचा हक्क महापौर व काही डझन नागरिक एवढ्यांपुरताच होता. पंतप्रधान धाकट्या पिटचा विश्वासू, खजिन्याचा कारभारी जॉर्ज रोझ याने सरकारी नोकऱ्यांची खिरापत वाटून ही मूठभर मते आपल्या मुठीत ठेवली, आणि १७९० पासून १८१८ पर्यंत तो स्वतः तेथून निवडून येत राहिला. त्या काळी गाव मत देत होते असे म्हणता येईल काय? कागदोपत्री येईल. गावाच्या नावाने मत पडत होते आणि गावाच्या नावाने सभासद बसत होते. फक्त गाव तेवढे त्यात नव्हते. १८३२ मध्ये एक जागा गेली, १८८६ मध्ये नवी सनद घेऊन नगरपालिका उभी राहिली, हळूहळू प्रौढ स्त्रीपुरुष सर्वांस मताधिकार मिळाला, आणि मतदारयादी गावाएवढी मोठी झाली. यादी गावाएवढी झाली म्हणजे यादी हेच गाव झाले, असे मात्र नाही. आणि ही गोष्ट कळावयास २०१७ साल उजाडावे लागले.

तत्पूर्वीच्या एका खळबळीची नोंद केली पाहिजे. १९९३ मध्ये तेथील हुजूरपक्षीय खासदार निवर्तले आणि पार्लमेंटची पोटनिवडणूक लागली. मागील खेपेचे मताधिक्य २३,०१५ चे, म्हणजे तो गड अभेद्य समजला जाई. परंतु त्याच वसंतात सरकारने घरगुती इंधनावर मूल्यवर्धित कर बसविण्याचे जाहीर केले होते, आणि ज्या गावात वृद्धांचे प्रमाण देशात फार वरचे, तेथे शेगडीवर कर बसविणे म्हणजे काय ते २९ जुलैच्या निकालाने दाखवून दिले: लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या डायना मॅडॉक १६,४२७ मतांच्या आधिक्याने निवडून आल्या. १९९७ मध्ये ख्रिस्तोफर चोप यांनी ती जागा हुजूर पक्षाकडे परत आणली. पण एवढे सिद्ध झाले होते की एका बाजूस ओढ बसली असता सगळे गाव हलते. हे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. पुढे ते कामास येणार आहे.

आता मुख्य प्रकरण. डॉर्सेट काउंटीच्या सीमेत एकूण नऊ स्थानिक संस्था होत्या. त्या सर्व मोडून दोनच मोठ्या संस्था कराव्यात, कोट्यवधी पौंड वाचवावेत, असा बेत निघाला. एकीत बोर्नमथ, पूल आणि क्राइस्टचर्च. दुसरीत उरलेली काउंटी. नवापैकी सहा संस्थांनी २०१७ च्या आरंभी हा प्रस्ताव मंत्र्यांकडे धाडला. क्राइस्टचर्चने नकार दिला. वर्षअखेरीस तिने आपल्या नागरिकांचे सार्वमत घेतले, आणि अर्ध्याहून अधिक मतदारांनी भाग घेतलेल्या त्या मोजणीत ८४ टक्के मते विलीनीकरणाच्या विरुद्ध पडली. सार्वमत सल्लात्मक होते, बंधनकारक नव्हते. मंत्री साजिद जाविद यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये विलीनीकरणास मंजुरी दिली. २०१६ च्या एका कायद्यात अशी मुदतबंद तरतूद होती की, संबंधित संस्थांपैकी एकीनेही संमती दिल्यास बाकीच्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. तिच्या आधारे हुकूम निघाला. कौन्सिलने उच्च न्यायालयात दाद मागितली, ती ऑगस्ट २०१८ मध्ये फेटाळली गेली. लक्षात घेण्यासारखे असे की सरकार हुजूर पक्षाचे, कौन्सिल हुजूर पक्षाची, आणि तिच्या बाजूने पार्लमेंटात भांडणारे चोपही हुजूर पक्षाचेच. तेव्हा हा पक्षापक्षांतील कज्जा नव्हता. कज्जा अवयव आणि अवयवी यांमधील होता.

हा शब्दप्रयोग मी आपल्या दर्शनांतून घेतला आहे, आणि तो अलंकार म्हणून घेतलेला नाही. घट हा कपालांहून, म्हणजे आपल्या तुकड्यांहून, वेगळा पदार्थ आहे की कपालांचा नुसता समुदाय आहे, यावर नैयायिक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतके वाद चालला. मिलिंद राजास भदंत नागसेनाने रथाचा दृष्टांत दिला: चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे, रथ हे व्यवहारासाठी ठेवलेले नाव आहे. हे मत पत्करले तर क्राइस्टचर्चच्या तक्रारीस आधार उरत नाही. अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास माणसे आहेत, त्यांस काल एका नावाने हाक मारीत, उद्या दुसऱ्या नावाने मारतील. माणसे तीच, घरे तीच, दोन नद्या त्याच. मंत्र्यांच्या दफ्तरातील कोणी भिक्षूपाशी शिकला असेल असे नव्हे, पण शासनशास्त्राची आधुनिक बुद्धी स्वभावतःच या बाजूची आहे. तिला संस्था म्हणजे सेवांचा संच दिसतो: रस्ते, शाळा आणि वृद्धांची शुश्रूषा तशीही काउंटीकडे, डिस्ट्रिक्टकडे कचरा, घरे, बांधकामाचे परवाने, कराची वसुली, शिवाय शेवटच्या वर्षांत क्राइस्टचर्चने आपला मुख्याधिकारी आणि बराचसा नोकरवर्ग शेजारच्या ईस्ट डॉर्सेटबरोबर वाटूनच घेतला होता. हात एकाचे, पाय दुसऱ्याचे झाले असता देह कोणाचा म्हणावयाचा?

परंतु न्यायसूत्रांनी अवयवीच्या बाजूने जो हेतू दिला आहे तो मला फार मार्मिक वाटतो: धारण आणि आकर्षण. काठीचे एक टोक धरले असता सगळी काठी धरली जाते. दोरीचे एक टोक ओढले असता सगळी दोरी येते. धुळीच्या ढिगातून चिमूट ओढली तर चिमूटच येते. तेव्हा ज्याचा एक भाग ओढला असता सर्व ओढले जाते, तो नुसता ढीग नव्हे. १९९३ मध्ये शेगडीस लागलेली ओढ साऱ्या गावास लागली. २०१७ मध्ये सीमेस लागलेली ओढही साऱ्या गावास लागली. यावर प्रतिपक्षी म्हणेल, आणि भाष्यकारांच्या काळीही त्याने म्हटले होते, की मातीचा गोळाही एकत्र ओढला जातो, पण तो पाण्याच्या चिकटपणामुळे. त्यासाठी निराळा अवयवी मानण्याचे कारण नाही. त्या चिकटपणास, ज्यामुळे कण कणास धरून राहतो त्या जलाच्या गुणास, नैयायिकांनी जे नाव दिले आहे ते ऐकून मराठी वाचकास गंमत वाटेल: त्यास ते स्नेह म्हणतात.

यापुढे मात्र मला गावाचीही बाजू सोडावी लागते. कारण गावाने काय केले? आपण अवयवी आहोत हे सिद्ध करण्यासाठी अवयव मोजून दाखविले. मतगणना हे प्रमाण खरे; पण कशाचे? आपल्या दर्शनकारांनी प्रत्येक इंद्रियास त्याचा विषय नेमून दिला आहे; डोळ्यास रूप कळते, गंध कळत नाही, आणि गंध कळला नाही म्हणून डोळ्यास कोणी दोष देत नाही. मतपेटीचा विषय इच्छा हा आहे. अमुक लोकांस अमुक हवे की नको, हे तिला उत्तम कळते. अमुक लोक म्हणजे कोण, हे तिला कळत नाही, कळणे शक्य नाही. कारण तिचे झाकण लावण्यापूर्वी मतदारयादी तयार असावी लागते, आणि यादी करण्यापूर्वी कोणीतरी शीव आखलेली असावी लागते, जी शीव मतांनी आखलेली नसते. क्राइस्टचर्चच्या हद्दीत मोजले तर ८४ टक्के विरुद्ध. हीच मोजणी तिन्ही नगरांची, सुमारे चार लाखांची, एकत्र केली असती तर हे गाव आठव्या हिश्श्याहून अधिक नव्हते. कोणत्या कुंपणात उभे राहून मोजावयाचे, हाच वादाचा मुद्दा असता, कुंपणात उभे राहून केलेली मोजणी पुरावा म्हणून पुढे करणे यात तर्कशास्त्री चक्रकाचा दोष काढील. याच गावाने दीड वर्ष आधी, जून २०१६ मध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने बहुमत दिले होते. तेव्हा कुंपण देशाचे होते, आणि त्या कुंपणातील मोजणी स्कॉटलंडने आपल्या कुंपणात केलेल्या उलट मोजणीपुढे प्रमाण मानली गेली. ज्या न्यायाने एका वर्षी लाभ झाला त्याच न्यायाने दुसऱ्या वर्षी तोटा झाला, यात नियतीची थट्टा आहे, पण तर्काची चूक नाही.

वाचकाच्या मनात बेळगाव आल्यावाचून राहणार नाही. तेथील महानगरपालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि २००५ च्या नोव्हेंबरात कर्नाटक सरकारने ती बरखास्त केली. तो ठरावही सीमेच्या आत बसून सीमेविषयी केलेला होता. मात्र तेथे भाषेचे मोठे कारण होते. क्राइस्टचर्च आणि बोर्नमथ यांची भाषा एक, धर्म एक, वाणी बहुधा एकच. उलट नात्याने पाहिले तर बोर्नमथ हे पोर: एकोणिसाव्या शतकात माळरानावर वसलेले ते हवा खाण्याचे गाव ज्या जमिनीवर वाढले ती बरीचशी जुन्या क्राइस्टचर्च पॅरिशचीच होती. पोराने वाढून आईस आपल्या घरी आणून ठेवले, आणि आई म्हणते मला माझी खोली बरी. भाषेचे निमित्त नसल्यामुळे हा प्रश्न येथे अधिक निर्भेळ स्वरूपात दिसतो, एवढाच मला त्याचा उपयोग.

मग अशा समुदायाच्या 'नाही'ला काही किंमतच नाही काय? माझ्या मते आहे, पण ती मोजणीची किंमत नव्हे. आपल्या धर्मशास्त्रात अठरा व्यवहारपदांपैकी एक पद 'समयस्यानपाकर्म' असे आहे, आणि नारदस्मृतीत त्याखाली राजास सांगितले आहे की निगम, श्रेणी, पूग, गण, फार काय पाखंडी म्हणून गणलेले लोकही, यांनी आपापसांत जे संकेत ठरविले असतील ते त्याने राखावेत. राजाच्या हितास बाधक असे काही त्यांत असेल तर ते मोडण्याचा अधिकार त्याच्याकडे आहेच. स्मृतिकार भोळे नव्हते. परंतु येथे समूह आपले अस्तित्व सिद्ध करण्यासाठी राजापुढे उभा नाही. तो आहे हे गृहीत धरून राजाने त्याच्याशी कसे वागावे हे सांगितले आहे. समूहास अस्तित्व कोणी दिले, त्याचे सभासद किती, त्यांतील किती जणांनी होय म्हटले, हे प्रश्न स्मृतिकारास सुचले नाहीत, आणि ते न सुचणे हे मला अज्ञानाचे लक्षण वाटत नाही.

याच गावाच्या इतिहासात असा एक प्रसंग आहे. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने तेथील ऑगस्टिनी मठ मोडला गेला. मठाधिपती जॉन ड्रेपर याने राजास अर्ज केला होता की गाव गरीब आहे, हे देवालयच येथल्या रयतेचे उपासनास्थान आहे, ते राखावे. मठाच्या इतर इमारती पाडल्या गेल्या. पण १५४० मध्ये राजाने सनद देऊन देवालय त्याच्या पंचांस आणि गावच्या रहिवाशांस कायमचे बहाल केले, आणि इंग्लंडातील सर्वांत लांब पॅरिश-देवालय म्हणून ते आज उभे आहे. ज्या राजाने दोन राण्यांचा शिरच्छेद करविला, त्याच्या दरबारी या गावाची अर्जी ऐकली गेली, आणि पावणेपाचशे वर्षांनी सर्वांस मताधिकार असलेल्या राज्यात ८४ टक्क्यांचा नकार दफ्तरी दाखल होऊन पडला. राजशाहीची थोरवी गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. हेन्रीची लहर फिरती तर देवालयाचा दगडही उरता ना. पण त्या सनदेची भाषा विचार करण्यासारखी आहे. ती 'रहिवासी' असे म्हणते, किती ते म्हणत नाही. दान देण्यास कोणी घेणारा लागतो, आणि राजाने दान दिले त्या क्षणी घेणारा आहे हे त्याने मान्य केले. २०१८ च्या हुकुमात घेणारा कोणीच नाही. त्यात मालमत्ता, देणी, नोकर आणि प्रभाग यांचे नव्या संस्थेकडे हस्तांतर आहे. मंत्र्यांनी ८४ हा आकडा डावलला, हा माझा आक्षेप नाही. त्यांस जे सादर झाले ते फक्त आकडाच आहे असे त्यांनी मानले, हा आहे. आणि ते त्यांनी मानले याचा निम्मा दोष, आकड्यावाचून दुसऱ्या कोणत्याही भाषेत बोलता न येणाऱ्या त्या कौन्सिलकडे जातो. ज्या गावाच्या नावातच हजेरीपटावर नसलेला एक कामकरी बसलेला आहे, त्या गावाने आपली फिर्याद हजेरीपटाच्या बळावर लढवावी, हे मला चमत्कारिक वाटते. कौन्सिलला दुसरे करता तरी काय आले असते, हेही खरेच. न्यायालयात स्नेह नावाच्या गुणाचा पुरावा घेत नाहीत.

नवी संस्था तिन्ही नगरांची नावे वर्णानुक्रमाने लावून उभी राहिली. मे २०१९ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली, आणि ७६ पैकी ३६ जागा मिळूनही हुजूर पक्षास सत्ता राखता आली नाही. क्राइस्टचर्चमध्ये मोडलेल्या कौन्सिलच्या जागी, अगदी खालच्या पायरीवरची, एक नगर-सभा निर्माण झाली, आणि महापौरपद तिच्याकडे आले. ती जुन्या बरोएवढी मात्र नाही. हायक्लिफ आणि वॉकफर्ड यांनी आपली वेगळी पॅरिश-सभा केली. बर्टन आणि हर्न यांच्या आधीपासून होत्या त्या राहिल्या. म्हणजे ज्या अवयवीसाठी ८४ टक्के लोक उभे राहिले, त्याच्या जागी दीड वर्षाच्या आतच चार वेगळे भाग उरले, आणि प्रत्येक भाग आता आपापल्या शिवेत निवडणुका घेतो.

ती तुळई अजून आहे. देवालयाच्या मागील प्रदक्षिणामार्गात उभे राहून मान वर केली म्हणजे दिसते, आणि पाहणारे बहुधा तिचे टोक कोठवर गेले आहे ते आधी पाहतात.